स्टेशन नसलेलें आगगाडीचें गांव

ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडून भिवंडीकडे निघालें म्हणजे काल्हेरच्या पुढें पूर्णा हें गांव लागतें. परभणीकडील वाचकांस पूर्णा म्हटल्याबरोबर नदी आणि जंक्शन आठवेल. त्या पूर्णेशीं या गांवाचा कांहीं संबंध नाहीं. शेजारच्या अंजूरचें नांव तरी इतिहासांत आहे. १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेंत गंगाजी नाईक अंजूरकरांनीं बजावलेली कामगिरी सर्वश्रुतच आहे. पूर्णा गांवाच्या वांट्यास असा पुरुष आला नाहीं. तरीपण या खेपेस त्याच्याविषयींच लिहावयाचें योजिलें आहे. कारण आगगाडी आली आणि गांव वाढलें, या कथा आपण पुष्कळ ऐकतों, परंतु आगगाडी बाजूनें निघून गेली म्हणजे गांवाचें काय होतें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं चौदा डबे व सुमारें चारशें उतारू घेऊन पहिली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली, हें शाळेंतल्या मुलासही पाठ असतें. पुढल्याच वर्षीं, १८५४ च्या मे महिन्यांत, रूळ ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणास पोंचले. हा मार्ग पारसिकच्या डोंगराला वळसा घेऊन, मुंब्रा व दिवा यांवरून, उल्हास नदीच्या दक्षिण तीरानें गेला. पूर्णा, काल्हेर, राहनाळ हीं गांवें उत्तर तीराकडील. पलीकडे धूर दिसावा, वारा अनुकूल असेल तर शिटीही ऐकूं यावी, आणि मध्यें खाडी पसरलेली, अशी त्यांची स्थिति झाली.

भिवंडी ही कांहीं उपेक्षणीय पेठ नव्हती. मोगलांनीं तिला इस्लामाबाद हें नांव दिलें होतें. १६५७ सालीं शिवाजीमहाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ याच खाडीवर झाला. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून खालीं उतरे आणि येथून मचव्यांत भरून मुंबईस जाई. मग रूळ इकडून कां गेले नाहींत? मुख्य इंजिनीयर जेम्स बर्कले यांच्यापुढें प्रश्न होता तो दोन घाटांचा. बोरघाटाकडे जाणारी वाट आग्नेयेस आणि थळघाटाकडे जाणारी ईशान्येस. दोहोंची फांदी फुटावयाची तर ती कल्याणासच सोयीची. भिवंडीचा आग्रह धरावा तर बोरघाटाकडे वळण्यासाठीं रुंद खाडी पुन्हा ओलांडावी लागती. १८६३ सालीं बोरघाट आणि १८६५ सालीं थळघाट रुळांनीं जिंकला, आणि आग्रा रस्त्यानें येणारा माल कल्याणच्या यार्डांत उतरूं लागला. भिवंडी पुढें हातमाग व यंत्रमाग यांवर तगली. आजूबाजूच्या आगरी खेड्यांस मात्र खाजणांतलें भात, मीठ आणि मासळी एवढाच आधार राहिला.

यानंतर सुमारें सवाशें वर्षें लोटलीं. १९८० च्या सुमारास दिवा ते वसई हा बेचाळीस किलोमीटरांचा फांटा झाला, आणि रूळ अखेर खाडी ओलांडून या बाजूस आले. पण ते गांवकऱ्यांसाठीं आले नव्हते! पश्चिम रेल्वेवरचा माल मुंबईच्या गर्दींत न शिरतां मध्य रेल्वेवर जावा, हा त्यांतला मुख्य हेतु. उतारूंची गाडी सुरू व्हावयास १९९४ साल उजाडलें. म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळ येथील लोकांनीं दाराजवळून जाणारे मालाचे डबे मोजले आणि स्वतः रस्त्यानें ठाणें गांठलें. माल आधीं, माणसें मागाहून, हा हिशेब आम्हांस तरी पटत नाहीं. या फांट्यावरचें जवळचें स्टेशन अंजूरफाट्याचें. त्याचें नांव ‘भिवंडी रोड’. रेल्वेच्या भाषेंत ‘रोड’चा अर्थ बहुधा असा कीं, गांव येथें नाहीं, येथून रस्त्यानें जा. पूर्णा गांवास तेवढाही मान मिळाला नाहीं.

गांवाचें रूप पालटलें तें दुसऱ्याच एका गोष्टीनें. ती गोष्ट म्हणजे जकात. मुंबईच्या हद्दींत माल शिरला कीं जकात भरावी लागे. पूर्णा ग्रामपंचायतीचें गांव. येथें ती भानगड नव्हती. व्यापाऱ्यानें माल येथें वखारींत ठेवावा आणि खपेल तेवढाच शहरांत न्यावा, म्हणजे जकातीचा पैसा आगाऊ अडकून पडत नसे. भाताचीं खाचरें मातीनें भरलीं गेलीं आणि पत्र्याचीं लांबच लांब छपरें उभीं राहिलीं. ता. १ जुलै २०१७ रोजीं नवा वस्तु व सेवा कर आला आणि जकात संपली. तेव्हां वखारीही उठतील असें कोणास वाटलें असेल, तर तें खोटें ठरलें. प्रांतोप्रांतीं लहान वखारी ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. एकच मोठी पुरे झाली. आपल्या घरीं नातवंडानें फोनवरून मागविलेली वस्तु दुसऱ्या दिवशीं दाराशीं येते, ती कित्येकदां याच पट्ट्यांतून निघालेली असते.

यांत गांवाचें कल्याण झालें काय? ज्यानें जमीन भाड्यानें दिली त्याचें घर भाड्यावर चालतें. ज्यानें ती एकदांच विकून टाकली, त्याच्या मुलास कदाचित् त्याच जागीं पहाऱ्यावर उभें राहावें लागतें. एकत्र कुटुंबांत जमिनीचे वांटे होतांना हा भेद चुलत्यापुतण्यांच्या घरांत कसा शिरतो, हें वाचकांस सांगावयास नको. लावणी-कापणीचें जें काम बायांच्या हातीं होतें तें तर खाचरांबरोबरच गेलें. त्याची नुकसानभरपाई कोणत्याही खरेदीखतांत मांडलेली नसते. आणि पावसाचें पाणी पूर्वीं ज्या खाचरांत मुरे, तेथें आतां फरसबंदी आहे.

ता. १८ डिसेंबर २०१८ रोजीं ठाणें-भिवंडी-कल्याण या मेट्रो मार्गाची कोनशिला कल्याणास बसविण्यांत आली. बाळकुम, कशेळी, काल्हेर, आणि मग, प्रथमच, पूर्णा! १८५४ मध्यें पलीकडच्या तीरावरून गेलेली आगगाडी इतक्या काळानें या गांवाच्या नांवाचें स्टेशन घेऊन परत आली, असें म्हणावयास हरकत नाहीं. ही गाडी केवळ माणसांची; तींत एकही पोतें चढावयाचें नाहीं. तिचे रूळ रस्त्यावर उभारलेल्या खांबांवरून जातात, आणि वखारींकडे निघालेले ट्रक त्यांच्या खालून.