परदेशातील कार्ड आणि डोळ्यांआडचा बट्टा

व्यापारी कुळांना बट्टा हा शब्द परका नाही. एका पेठेतील नाणे दुसऱ्या पेठेत चालवायचे तर सराफ त्यावर बट्टा कापीत असे आणि हुंडी वटवताना हुंडणावळ द्यावी लागे. अठराव्या शतकात मुर्शिदाबादेच्या जगत्शेठांच्या जैन घराण्याचे वैभव बऱ्याच अंशी याच व्यवहारावर उभे होते. जुन्या सालाच्या रुपयाला नव्या सिक्क्याच्या तुलनेत किती बट्टा लागेल, यात त्या पेढीची मोठी कमाई होती. मात्र तो बट्टा देणाऱ्याला ठाऊक असे, कारण सराफ समोर बसलेला असे आणि दर बोलून ठरे. आज त्याच कुळांतील वंशज अँटवर्पच्या हिरेबाजारात, बँकॉकच्या रत्नपेठेत किंवा दुबईच्या सोनेबाजारात कार्ड पुढे करतात, तेव्हा बट्टा एकदा नव्हे, दोनदा-तीनदा कापला जातो आणि बहुतेकांना तो दिसतही नाही.

आता परदेशगमन केवळ व्यापारापुरते राहिलेले नाही. मुलगी शिक्षणासाठी जाते, वडीलधारी मंडळी लेस्टर किंवा अँटवर्प येथील जिनमंदिरांच्या दर्शनाला जातात, सुटीत सारे कुटुंब सहलीला निघते. दुकानात अर्ध्या टक्क्याच्या सुटीसाठी तासभर घासाघीस करणारे गृहस्थ अशा प्रवासात चार-पाच टक्के सहज सोडून येतात. हा पैसा कोणाच्या उपयोगी पडत नाही, दानात जात नाही, सुखातही जात नाही. निष्कारण होणाऱ्या अशा नाशाला शास्त्रात अनर्थदंड म्हटले आहे आणि त्यापासून निवृत्त होणे हे श्रावकाच्या गुणव्रतांपैकी एक आहे. व्रताचा मुख्य विषय हिंसा आणि पाप हा असला, तरी त्यामागची जागरूकता व्यवहारालाही लागू पडते.

पहिला बट्टा स्वतःच्याच बँकेचा असतो. भारतीय बँकेचे साधे डेबिट वा क्रेडिट कार्ड परकीय चलनात वापरले, की बँक विनिमय दरावर आपला आकार चढवते. त्याला मार्कअप म्हणतात. तो बहुधा दोन ते साडेतीन टक्के असतो आणि त्या आकारावर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो. हिशेबाच्या सोयीसाठी एक युरो म्हणजे शंभर रुपये असे धरले आणि एका कुटुंबाने बेल्जियममध्ये 5,000 युरो खर्च केले, तर मूळ रक्कम 5 लाख रुपये झाली. साडेतीन टक्क्यांनी 17,500 रुपये मार्कअप आणि त्यावर 3,150 रुपये कर, म्हणजे एकूण 20,650 रुपये वर गेले. हाच खर्च दोन टक्क्यांच्या कार्डावर केला असता तर 11,800 रुपये लागले असते. काही बँका मार्कअप न आकारणारी कार्डेही देतात. परंतु त्यांचे वार्षिक शुल्क आणि अटी किती आहेत, हे आधी वजा करून पाहावे. वर्षातून एकदाच आठ दिवस जाणाऱ्याला आणि दर महिन्याला खरेदीला जाणाऱ्याला एकच कार्ड लाभाचे ठरेल असे नाही.

दुसरा बट्टा दुकानदाराच्या यंत्रावर दडलेला असतो आणि तो अधिक फसवा आहे. कार्ड भारतीय आहे हे ओळखून यंत्र विचारते : देयक युरोत घ्यावे की रुपयांत? आपल्या चलनाचा आकडा पाहून प्रवाशाला बरे वाटते आणि तो रुपये निवडतो. त्या क्षणी विनिमयाचा दर ठरवण्याचा अधिकार स्वतःच्या बँकेकडून निघून परक्या यंत्रचालकाच्या हाती जातो. तो दर पुष्कळदा बाजारभावापेक्षा बराच चढा असतो. समजा, 200 युरोची खरेदी आहे आणि यंत्राचा दर सहा टक्क्यांनी महाग आहे. रुपयांत 21,200 मोजावे लागतील. स्थानिक चलन निवडून दोन टक्क्यांचे कार्ड वापरले असते तर करासह 20,472 रुपयांत काम झाले असते. शिवाय देयक रुपयांत झाले तरी दुकान परदेशातले असल्याने अनेक भारतीय बँका अशा व्यवहारावर आपला वेगळा आकार लावतातच. म्हणून दुकान असो, उपाहारगृह असो वा एटीएम, नियम एकच : ज्या देशात उभे आहोत त्या देशाचेच चलन निवडावे. विक्रेत्याने न विचारता रुपये निवडले असतील तर पावतीवर सही करण्यापूर्वी व्यवहार रद्द करून पुन्हा करण्यास सांगावे. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

तिसरा बट्टा एटीएमचा. परदेशी एटीएममधून रोख काढताना स्वतःची बँक दर वेळी ठरावीक शुल्क घेते, त्यावर मार्कअप असतोच आणि अनेक देशांत यंत्राची मालक बँकही आपले शुल्क घेते. थायलंडमधील एटीएम परकीय कार्डावर दर खेपेस सुमारे 220 बाट किंवा त्याहून अधिक आकारतात. हजार बाट काढले तर हा बट्टा 22 टक्के पडतो. दहा हजार एकदम काढले तर 2.2 टक्के. म्हणजे थोडे थोडे काढण्याची घरची काटकसरी सवय येथे उलटी पडते. दोन-तीन दिवसांची रोकड एकदाच काढावी आणि ती एका खिशात न ठेवता विभागावी. क्रेडिट कार्डावर रोख तर काढूच नये. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते, वर रोकड काढण्याचे शुल्क निराळे.

चलन भरून ठेवण्याच्या फॉरेक्स कार्डाचा उपयोग येथे होतो. डॉलर, युरो, पाउंड असे चलन निघण्यापूर्वीच विकत घेऊन त्यात भरले की दर त्या दिवशीच निश्चित होतो आणि त्याच चलनात खर्च केल्यास मार्कअप लागत नाही. शिकायला गेलेल्या मुलामुलींचा महिन्याचा खर्च बांधून देण्यासही ते सोयीचे असते. मात्र डॉलर भरलेले कार्ड युरोपात वापरले तर एका चलनातून दुसऱ्यात जाण्याचा आकार लागतो. शिवाय कार्ड भरण्याचे शुल्क, पुष्कळ दिवस न वापरल्यास लागणारे शुल्क आणि उरलेले चलन परत देतानाचा कमी दर, हे तीन आकडे आधी विचारून घ्यावेत. ‘कमिशन नाही’ असा फलक लावणाऱ्या विमानतळावरील चलनबदल खिडकीचा नफा खरेदी आणि विक्रीच्या दरांमधील अंतरात असतो. त्या अंतराकडे पाहिल्यावाचून तेथे नोट मोडू नये.

यूपीआयचा मार्गही काही देशांत खुला झाला आहे. सिंगापूरच्या व्यवस्थेशी त्याची जोडणी 21 फेब्रुवारी 2023 रोजी झाली. श्रीलंका आणि मॉरिशस येथे 12 फेब्रुवारी 2024 पासून तो चालू लागला. भूतान, नेपाळ, संयुक्त अरब अमिराती आणि फ्रान्समधील काही ठिकाणीही तो स्वीकारला जातो. परंतु चलन बदलते तेथे विनिमय दर आणि आकार असतोच, त्यामुळे पडद्यावरील रुपयांचा आकडा वाचूनच मान्यता द्यावी.

आणखी एक अडचण श्रावक कुटुंबांना इतरांपेक्षा जास्त जाणवते. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे असते, कंदमुळे वर्ज्य असतात आणि म्हणून बहुतेक मंडळी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेऊन भाजी, दूध, पीठ रोज आणतात. हिवाळ्यात युरोपात चार-साडेचारलाच अंधारून येते. अशा वेळी दुपारी तीन वाजता दुकानात कार्ड चालले नाही, तर प्रश्न पैशाचा न राहता चौविहाराचा होतो आणि घरातील वृद्धांना उपाशी राहावे लागते. कार्ड न चालण्याची कारणे बहुधा साधी असतात. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या आदेशानुसार नवे कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच चालू असते. परदेशातील वापर आणि त्याची मर्यादा धारकाने स्वतः चालू करावी लागते. निघण्याच्या आधल्या दिवशी हे काम करावे, पण गरज असेल तेवढीच मर्यादा ठेवावी. रेल्वे तिकिटाच्या यंत्रांवर पिन मागितला जातो, म्हणून क्रेडिट कार्डाचाही पिन पाठ हवा. ऑनलाइन व्यवहारासाठी ओटीपी भारतातील क्रमांकावर येतो, म्हणून ते सिम परदेशात चालू राहील अशी व्यवस्था हवी. दोन निराळ्या बँकांची दोन कार्डे दोन निराळ्या व्यक्तींजवळ असावीत. एकाच खात्याचे पुरवणी कार्ड हा दुसरा आधार नव्हे. मूळ खाते गोठले तर तेही थांबते. हॉटेल वा भाड्याच्या मोटारीची अनामत मात्र क्रेडिट कार्डावरच द्यावी. डेबिट वा फॉरेक्स कार्डावर ती अडकली तर हातातला पैसा कित्येक दिवस अडकून पडतो.

कार्ड हरवले किंवा अनोळखी व्यवहाराचा संदेश आला, तर बँकेला कळवण्यात एक रात्रही दवडू नये. 2017 च्या परिपत्रकानुसार दोष ग्राहकाचा वा बँकेचा नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास तो मर्यादित राहतो. पिन दुसऱ्याला सांगितल्यामुळे झालेले नुकसान मात्र कळवेपर्यंत ग्राहकाचेच. बँकेचा दूरध्वनी क्रमांक केवळ मोबाइलमध्ये नव्हे, तर कागदावरही लिहिलेला असावा. कार्ड आणि मोबाइल पुष्कळदा एकाच पिशवीतून जातात.

शुल्क वाचवणे आणि कायदा चुकवणे यांतली रेषा व्यापारी कुटुंबात स्पष्ट हवी. उदारीकृत प्रेषण योजनेनुसार निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशात पाठवता वा खर्च करता येते. डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्डावरील खर्च या मर्यादेत मोजला जातो. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च मोजण्याचा निर्णय शासनाने 28 जून 2023 रोजी लांबणीवर टाकला. 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस लागत नाही. त्यापुढील साध्या प्रवासखर्चावर तो 20 टक्के आहे. शिक्षण, औषधोपचार आणि सहल-योजनांचे दर वेगळे आहेत. टीसीएस हा बट्टा नव्हे. तो प्राप्तिकरात वळता होतो किंवा परत मिळतो. त्यामुळे तो टाळण्यासाठी नोकराच्या वा दूरच्या नातलगाच्या पॅनवर चलन घेणे हे अनीतीचे आणि अनावश्यकही आहे.

याहून मोठा मोह परस्पर जमाखर्चाचा असतो. तेथील आप्ताने हॉटेलचे देयक युरोत भरायचे आणि इकडे त्याच्या माणसाला रोख रुपये द्यायचे. यात मार्कअप नाही, कर नाही, शुल्क नाही, आणि पूर्वजांच्या हुंडीशी त्याचे साम्य दाखवून समर्थनही होते. पण हुंडी लिहिलेली असे, ती वहीत चढत असे आणि बाजारासमोर वटत असे. बँकेच्या मार्गाबाहेरचा हा व्यवहार लपवावा लागतो आणि परकीय चलन व्यवस्थापन कायदा, 1999 याच्या विरुद्ध जातो. आप्ताकडे पाहुणे म्हणून राहणे, त्याच्या घरी जेवणे यात काहीच गैर नाही. त्याची गुप्त परतफेड करण्यात दोष आहे. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे जे पस्तीस गुण सांगितले, त्यांत न्यायाने मिळवलेल्या वैभवाला पहिले स्थान आहे आणि मिळकतीच्या मानाने खर्च करणे हाही त्यांतलाच एक गुण आहे. काही हजारांचे शुल्क वाचवण्यासाठी तीन पिढ्यांची पत चौकशीच्या दारात नेऊन उभी करणारा मनुष्य या दोन्ही कसोट्यांवर उतरत नाही.

प्रवासाहून परतल्यावर चार कामे शिल्लक असतात. कार्डाचा परदेशातील वापर बंद करावा. उरलेले चलन दोन हजार डॉलरहून अधिक असेल तर वरचे 180 दिवसांच्या आत बँकेला परत द्यावे. पेढीच्या कामाचा खर्च पेढीच्या वहीत आणि घरचा खर्च घरच्या वहीत लिहावा. शेवटी कार्डाचे विवरणपत्र पावत्यांशी पडताळून त्यातील मार्कअप, एटीएम शुल्क आणि त्यावरील कर यांची बेरीज ‘बट्टा’ या एका सदराखाली मांडावी. तो आकडा पाहिल्यावर पुढच्या प्रवासाला कोणते कार्ड न्यावे आणि कोणते तिजोरीत ठेवावे, हे घरातील कोणालाही समजेल.