गायतोंडेंचा तयार हात
तंत्र शिकवलं की मुलांची अभिव्यक्ती मरते, असं हल्ली अनेक पालक सर्रास म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचंच उदाहरण घ्या. त्यांनी १९४८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. मानवाकृती, लघुचित्रांची रेषा हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. पुढे त्यांनी आकृती पार सोडून दिली. पण त्यांचा उत्तरकाळातला कॅनव्हास जवळून पाहा. रोलरने चढवलेले तैलरंगाचे थर, फाटक्या वर्तमानपत्राचे तुकडे दाबून उचललेला रंग, आणि त्या सगळ्याच्या आतून येणारा उजेड! रंग किती ओला असताना कागद उचलायचा, हे नुसत्या ऊर्मीला कसं कळणार? तेव्हा मुलांना ब्रश धरायला, रंगात पाणी बेताने घालायला खुशाल शिकवा.