आजाराची बातमी द्या, भीतीचा बाजार मांडू नका!

संपादक, वार्ताहर आणि सर्व वाचक-प्रेक्षकांना जाहीर आवाहन



डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस गळू लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशी एकेक गावं. आधी डोक्याला खाज, मग हात फिरवला की केसांचा पुंजका मुठीत, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. नमुन्यांचे अहवाल यायच्या आधीच बातम्यांनी आजाराचं बारसं उरकलं: ‘टक्कल व्हायरस’!

विषाणूचा पुरावा कुणाकडेच नव्हता. पण विषाणू म्हटलं की तो एकाकडून दुसऱ्याला होणार, हे कोरोनापासून लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या एका शब्दाने आजारी माणसावरच संशय आला. लोक या गावांपासून चार हात लांब राहू लागले. मुलींच्या सोयरिकी अडल्या.

पुढे तपासण्यांत रुग्णांच्या शरीरात सेलेनियम प्रमाणाबाहेर आढळलं. महाडला राहून विंचूदंशावरच्या उपचारासाठी आयुष्य वेचलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हावर. तो गहू कुठून आला, कुणी तपासला, कुणी वाटला? काही पत्रकारांनी हे प्रश्न लावून धरले. त्यांना आमचा सलाम. पण ‘व्हायरस’ जितका गाजला, त्याच्या पासंगालाही गव्हाची बातमी पुरली नाही. भीती घरोघर पोहोचली, जबाबदारी कुणाच्याच दारात गेली नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बारी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले. पायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. आजार गंभीर खराच. पण तो नवा नाही आणि माणसाकडून माणसाला होत नाही. जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, तेव्हा तो होतो. चर्चा मात्र रंगली ती चिकनमुळे हा आजार होतो अशी. नीट शिजवलेल्या चिकनला धोका नाही, हे सांगेपर्यंत गिऱ्हाईक तुटलं होतं. संशयाची सुई होती दूषित पाण्याकडे. २०२१ साली महापालिकेत आलेल्या नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या गावांना पुरेशा शुद्धीकरणाविना, नुसतं क्लोरीन टाकलेलं पाणी का मिळत होतं? हा प्रश्न रोज, पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत विचारायला हवा होता.

आणि ज्याची बातमीच होत नाही, त्याचं काय? जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. दरवर्षी सुमारे तीन लाख माणसं या आजाराने जातात. २०२४ मध्ये क्षयाच्या गोळ्यांचा तुटवडा पडला. मध्येच गोळ्या बंद झाल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. तेव्हा रात्रीच्या चर्चा कशावर चालल्या होत्या, आठवून पाहा. ज्यावर गदारोळ नाही, त्यावर जनमत नाही. आणि जनमत नाही, तिथे सरकारला घाई नाही.

म्हणून आमच्या मागण्या:

१. निदान होण्याआधी आजाराला नाव देऊ नका. ‘कारण अद्याप कळलेलं नाही’ हीसुद्धा बातमी आहे. ती तशीच द्या.

२. रुग्णसंख्या सांगताना किती संशयित, किती निदान झालेले, किती बरे होऊन घरी गेले, हे सगळं सांगा.

३. रुग्णाचा चेहरा आणि पत्ता दाखवू नका. गावाला कलंक लावू नका.

४. पहिल्या दिवशी जितकी जागा भीतीला दिली, तितकीच तपासणीच्या निष्कर्षाला द्या.

५. मधुमेह, कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती छापणं थांबवा. १९५४ च्या कायद्याने त्यांना बंदी आहे.

आणि वाचकहो, आपल्यालाही हात झटकता येणार नाहीत. फॉरवर्ड करण्याआधी विचारा: हे कोण म्हणतंय, तपासणी झाली का? वाहिनीला फोन करा, संपादकाला पत्र लिहा. ग्रामसभेत पाण्याच्या आणि रेशनच्या धान्याच्या तपासणीचा अहवाल मागा. तो मागणं आपला हक्क आहे.

आजारी माणसाला घाबरणारा समाज आम्हाला नको. आजाराचं कारण शोधून काढायला लावणारा समाज हवा, आणि तो घडवण्यात बातमीचा वाटा मोठा आहे. हे पत्रक वाचा, पुढच्याला द्या, चावडीवर मोठ्याने वाचून दाखवा.

आपले,
आरोग्याची खरी बातमी मागणारे वाचक-प्रेक्षक