विजोड धातूंचा सांधा

यंत्र बिघडले की त्याचा दोष हवेला देण्याची रीत सर्वत्र आढळते. कोकणात एखाद्या उपकरणाची पेटी कुजली, तर ‘खाऱ्या हवेपुढे कोणाचे काय चालणार?’ असे म्हणून विषय संपविला जातो. हा निष्कर्ष अपुरा आहे. हवा निमित्तमात्र असते. मूळ कारण पुष्कळदा आराखड्यातच दडलेले असते.

बंगळूरच्या दक्षिण भागात, जे. पी. नगरातील एखाद्या लहान कार्यशाळेत, इलेक्ट्रॉनिक उपकरणाची ॲल्युमिनियमची पेटी तयार होत आहे, अशी कल्पना करावी. अर्थिंगची तार जोडण्यासाठी तीत पितळी स्क्रू बसविला आहे. बंगळूर समुद्रापासून दूर, सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेले; तेथे हा सांधा वर्षानुवर्षे तक्रारीविना टिकू शकेल. तीच पेटी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेली, की स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमू लागते आणि संपर्क बिघडतो. ज्या सांध्याने माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचवावयाचे, तोच निकामी होतो.

व्होल्टाने 1800 साली चांदी व जस्त यांच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्याने भिजलेले कापड ठेवून विद्युत्‌घटांची माळ रचली. पेटीवरील सांधा हाही असाच एक घट होय. मात्र तो कोणी हेतुपूर्वक केलेला नसतो. दोन भिन्न धातू एकमेकांस टेकले आणि दोहोंवर खाऱ्या पाण्याचा थर पसरला, की विद्युत्‌मंडल पुरे होते. त्यांतील अधिक क्रियाशील धातू, येथे ॲल्युमिनियम, झिजू लागतो.

हा धडा नवा नाही. 1761 साली ‘अलार्म’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले गेले. दोन वर्षांनी पाहिले, तो खिळे खाऊन गेलेले! जेथे पत्र्यांच्या वेष्टनाचा कागद तांबे व लोखंड यांच्यामध्ये राहून गेला होता, तेथील खिळे तेवढे शाबूत होते.

उपायाचे मर्म त्या कागदात आहे. जेथे वीज वाहावयाची नाही, तेथे नायलॉनचा वॉशर व नळी घालून धातू विलग करावेत. अर्थिंगच्या सांध्यात हे चालणार नाही. तेथे पितळेवर कथिलाचा मुलामा द्यावा, म्हणजे घरच्या भांड्यांस देतात तशी कल्हईच, आणि सांधा आवळून ओलावा शिरणार नाही असा बंद करावा. धातू निवडताना त्यांच्या विद्युत्‌पातळीतील अंतर साध्या हवेसाठी 0.25 व्होल्टच्या आत आणि खाऱ्या हवेसाठी 0.15 व्होल्टच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. रंग केवळ ॲल्युमिनियमला देणे मात्र घातक ठरते. रंगास ओरखडा पडला की सारी झीज त्या एका बिंदूवर एकवटते. रंगवावयाचे तर दोन्ही धातू रंगवावेत. एकच रंगवावयाचा असेल, तर पितळ झाकावे.

यास खर्च थोडा, पण विचार आधी करावा लागतो. म्हणून आराखड्यात स्क्रूच्या मापाबरोबर त्याचा धातू, त्यास टेकणारा धातू आणि उपकरण ज्या हवेत नांदणार ती हवा, या तिन्हींची नोंद असलीच पाहिजे. बंगळूरच्या टेबलावर निर्दोष ठरलेले यंत्र रत्नागिरीच्या पावसाळ्यातही निर्दोष राहील, तेव्हाच ते पुरे झाले असे म्हणावे.