अभ्यंगाची पहाट आणि उटण्याची पुडी

आश्विन वद्य चतुर्दशीस सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान करावे, ही शास्त्राज्ञा. त्या तिथीस तेलात लक्ष्मी आणि जलात गंगा वास करते, अशी आपली श्रद्धा. स्नानसमयी आघाडा फिरवणे, मग अंगठ्याने कारीट चिरडणे, हे सारे आपण निष्ठेने करतो. परंतु वाटीतले उटणे कोणते, हे कोण पाहतो?

गेल्या दिवाळीत महडच्या वरदविनायकाच्या दर्शनास गेलो असता आमचा मुक्काम खालापुरातील एका यजमानांकडे होता. पुडीतल्या उटण्याने त्यांच्या नातवाचे अंग पहाटेच लालबुंद झाले. चिमूटभर पूड आम्ही पाण्यात टाकली, तो गुलाबी रंग सुटला आणि तळाशी पिठूळ गाळ बसला. वास होता तो अत्तराचा. वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद यांपैकी कशाचाच नव्हे.

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात अभ्यंग नित्याचा सांगितला आहे. मस्तक, कान व तळपाय यांस तेल विशेषेकरून लावावे. अजीर्ण असता मात्र अभ्यंग वर्ज्य. उद्वर्तनाने, म्हणजे उटणे चोळल्याने, कफ व मेद उणावतो आणि त्वचा निर्मळ होते. तेथेच आचार्य बजावतात की, उष्णोदक अधोभागास बलदायक, पण मस्तकावर घेतल्यास केसांचे व नेत्रांचे बल हरते. आम्ही मात्र बंबातले कढत पाणी डोक्यावरच ओततो आणि केस गळाल्याचा दोष तेलाला देतो!

वनस्पती म्हणून सारेच निरुपद्रवी, असेही नव्हे. शिकेकाई व रिठा यांतील फेसाळ द्रव्य डोळ्यांत गेल्यास आग होते. बावची लावून उन्हात गेल्यास कातडीवर फोड उठतात. यास्तव कोणतेही उटणे आदल्या दिवशी मनगटाशी लावून पाहावे. मुलांच्या बाबतीत तर अवश्य.

आणखी एक सल आहे. कर्जतच्या डोंगरांतून शिकेकाई वेचून आणणारे हात ठाकूर-कातकऱ्यांचे. गौण वनोपजावरील त्यांचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केला. पण बाजारात त्या माउलीशी आपण रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि रंगीत पुडीवरची छापील किंमत मुकाट्याने मोजतो.

त्या यजमानांनी यंदा नवरात्रातच वाळा आणि नागरमोथा सावलीत वाळत घातला. वस्त्रगाळ करावयास आम्हीही जाणार आहोत.