बोनेटवर एक एकर ऊस

'हौसेला मोल नसतं' असं आपल्याकडे म्हणतात. मला हे वाक्य कधीच पटलेलं नाही. हौसेला मोल असतं आणि ते चक्क टनात मोजता येतं. कसं, ते सांगते.

२०२५-२६ च्या गळीत हंगामासाठी केंद्र सरकारने उसाची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये ठरवली. म्हणजे टनाला ३,५५० रुपये, तेही साखर उतारा १०.२५ टक्के धरून. आता नव्या कोऱ्या मोठ्या गाडीला पुढून-मागून सगळीकडे पीपीएफ, म्हणजे ती पारदर्शक फिल्म, चढवायची म्हटलं तर पुण्यात दीड लाख रुपये सहज जातात. करा भागाकार. बेचाळीस टन ऊस! आमच्या सोनईकडे एकरी चाळीस टन पडले तर माणूस खुशीत असतो. म्हणजे वर्ष-दीड वर्ष पाणी पाजून उभा केलेला एक एकर ऊस बोनेटवर चढला, आणि त्यातून तोडणी-वाहतूक अजून वजा केलेलीच नाही. सिरॅमिक कोटिंगवाले त्या मानाने गरीब. तीस हजार, म्हणजे साडेआठ टन, साडेआठ गुंठे.

हे वाचून स्टाफरूममध्ये काही माना डोलतील, 'बघा, आजकालची पिढी!' आणि हॉस्टेलवर कुणीतरी म्हणेल, 'ही मेकॅनिकलला येऊन काकूबाईसारखी बोलतेय.' दोघांनाही विनंती, जरा थांबा. मला गाड्या आवडतात. मनापासून आवडतात. म्हणून तर हिशेब करतेय. ज्याला आवडत नाही तो कशाला मायक्रॉन मोजत बसेल?

सोनई माहीत नसणाऱ्यांसाठी : नेवासा तालुका, जिल्हा अहिल्यानगर (आमच्या तोंडी अजून 'नगर'च), मुळा सहकारी साखर कारखान्याचं गाव. शनिशिंगणापूर आमच्यापासून अगदी जवळ. तिथल्या घरांना दारं-कुलुपं नसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. २०११ मध्ये युको बँकेने तिथे शाखा काढली तीही बिनकुलपाची. आणि त्याच गावात सेंट्रल लॉकिंगच्या गाड्या घेऊन, पुढे लिंबू-मिरची बांधून, अख्खा महाराष्ट्र येतो. त्यामुळे गाड्या बघायच्या तर आम्हाला लांब जावं लागत नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं तरी बोलेरोपासून बीएमडब्ल्यूपर्यंत सगळं दर्शन होतं.

पण गाडी चकाचक ठेवायची हौस ही काही शहरातून आलेली गोष्ट नाही. पोळा आठवा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप लावून चोळतात. दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना रंग, गोंडे, झूल, पुरणपोळी. हे सगळं खर्चाचंच काम आहे. पण 'याचा रिटर्न काय' असं आमच्या आजोबांना कुणी विचारलेलं मला तरी आठवत नाही. आणि यातली गंमत बघा. मळणी खांद्याचीच का? तर वर्षभर जू तिथेच घासतं म्हणून. शेपटीला कुणी तूप चोळत नाही!

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. आजचे गाडीवाले शेपटीला तूप चोळतायत.

आता थोडं आपल्या अभ्यासातलं. (सबमिशनच्या दिवसांत हे वाचायला लावतेय, माफ करा.) कारखान्यातून येणाऱ्या गाडीचा रंग पत्र्यापासून वरपर्यंत साधारण १०० ते १३० मायक्रॉन असतो. तळाला ई-कोट, त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. आपल्या वहीचं एक पान जवळजवळ १०० मायक्रॉन जाड असतं. म्हणजे पंधरा लाखांच्या गाडीचं सगळं सौंदर्य एका पानाच्या जाडीत, आणि ती जी चमक दिसते ती अर्ध्या पानात. उन्हाने रंग उडू नये म्हणून लागणारी रसायनंही त्या क्लिअर कोटमध्येच असतात.

आता वॉशिंग सेंटरवर 'रबिंग-पॉलिश करून टाकू का?' असं विचारतात तेव्हा काय होतं? कंपाऊंड आणि मशीन मिळून त्या अर्ध्या पानातले दोन-तीन मायक्रॉन खरवडून नेतात. ओरखडा भरला जात नाही, त्याच्या आजूबाजूचं सगळं खाली आणलं जातं. वर्षातून एकदा, दिवाळी आली की रबिंग, ही सवय जुन्या मिस्त्री लोकांची आहे आणि त्यांच्या काळात ती बरोबरही होती. कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला वेगळा क्लिअर कोट नव्हता. घासलं की फडक्याला रंग लागायचा आणि खालून ताजा रंग वर यायचा. मुंबईच्या टॅक्सीतून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. सवय मात्र अजून नोकरीत आहे.

मग येतात सिरॅमिक कोटिंगवाले. त्यांच्या प्रत्येक जाहिरातीत एक आकडा असतो, '९एच हार्डनेस'. आणि बाजूला हिऱ्याचं चित्र! मित्रहो, हे ९एच कुठून आलं माहितीये? पेन्सिलीतून. इंजिनिअरिंग ड्रॉइंगला आपण ज्या २एच-४एच पेन्सिली छिलत बसतो, त्याच पट्टीवरची ही ९एच. रंगावर पेन्सिल ओढून बघायची, ओरखडा पडला की नाही, एवढीच ती टेस्ट. हिरा दहावा येतो तो मोह्‌सच्या पट्टीवर. ती पट्टी वेगळी आणि ही वेगळी. साधी वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, मोह्‌सच्या पट्टीवर सातवर आहे आणि पेन्सिल म्हणजे काय, तर ग्रॅफाइट आणि माती. वाळूपुढे पेन्सिलीचा काय पाड लागणार? शिवाय हे कोटिंग असतं जेमतेम एक-दोन मायक्रॉनचं. त्याने दगड अडत नाही. पाणी मोत्यासारखं घरंगळतं, चिखल लवकर निघतो, झळाळी येते. हे गुण खरे आहेत, नाही कोण म्हणतं. पण तेवढेच आहेत.

टेफ्लॉन कोटिंगची कथा तर अजून मजेशीर. गाडी घेताना शोरूममध्ये (नाव नको) आमच्याही गळ्यात मारायचा प्रयत्न झाला होता. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई. ते वितळतं ३२७ अंश सेल्सिअसला आणि तव्याला नीट धरावं म्हणून त्याहून जास्त तापवावं लागतं. बोनेट कोण तापवणार ३२७ ला? मी हे विचारलं तेव्हा सेल्सवाल्या काकांनी पप्पांकडे बघून विचारलं, "मुलगी इंजिनिअरिंगला आहे का?" विषय तिथेच संपला.

बरं, हे सगळं पुण्या-मुंबईच्या हिशेबाने लिहिलेलं असतं. आमच्याकडचे शत्रू वेगळे. पहिला म्हणजे राख. हंगामात ऊस तुटला की पाचट पेटवतात, आणि काळे तुकडे उडत उडत येऊन अंगणातल्या गाडीवर बसतात. उसाच्या पानात सिलिका भरपूर असतं, म्हणून तर ते हाताला कापतं. जळाल्यावर ते राखेत उरतं. सकाळी कामावर जायच्या घाईत माणूस कोरडं फडकं घेऊन गाडी पुसतो, म्हणजे स्वतःच्या हाताने पॉलिश पेपर मारतो. उन्हात बोनेटवर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल रेघोट्यांची नक्षी दिसते ना, ती या फडक्याची कमाई.

दुसरा शत्रू पाणी. आमच्या बोअरच्या पाण्याने साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. तेच पाणी गाडीवर वाळलं की पांढरे ठिपके. आणि सिरॅमिक केलेल्या गाडीवर पाणी मोत्यासारखं थांबतं, म्हणून ठिपकेसुद्धा छान गोल पडतात! तीस हजार भरून ठिपके गोल करून घ्यायचे, ही कसली हौस? उपाय साधा आहे. सावलीत धुवायची, धुतल्याबरोबर टिपून घ्यायची, आणि शेवटचा हात आरओच्या पाण्याचा. गावात जो प्यायच्या पाण्याचा जार मिळतो ना, तो एक जार पुरतो. दोन बादल्या (एक साबणाची, एक नुसती हात खळबळायला), चांगला शाम्पू, तीन-चार मायक्रोफायबरची फडकी. सगळं मिळून दोन हजारांत येतं. राख पडली असेल तर आधी नुसतं पाणी मारायचं, हात लावायचाच नाही. एवढं जो दर रविवारी करतो त्याच्या गाडीला कोटिंगची घाई नाही, आणि जो करणार नाही त्याचं कोटिंग वाया जाणार आहे.

तिसरा शत्रू खडी. नगर-मनमाड रस्त्याने ज्यांनी प्रवास केलाय त्यांना काय वेगळं सांगायचं! खडीपुढे सिरॅमिक काहीच करत नाही, तिथे पीपीएफच लागतं. ती फिल्म दीडशे-दोनशे मायक्रॉनची असते, म्हणजे सगळ्या रंगाहून जाड. पण खडी लागते कुठे? पुढच्या बंपरला, बोनेटच्या पुढच्या कडेला, आरशांच्या पाठीला, हेडलाइटला आणि चाकांच्या मागच्या पत्र्याला. छपराला खडी लागली असं मी तरी ऐकलेलं नाही. मग छपरावर फिल्म कशाला? तिथला अर्धा एकर ऊस वाचवा की! फक्त पुढचा भाग केला तर खर्च कितीतरी खाली येतो. हीच ती खांदेमळणी.

आता मुद्दा मजुरीचा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, मेकॅनिकल डिप्लोमा करून गेली चार वर्षं पुण्यात एका डिटेलिंगच्या दुकानात आहे. एका मोठ्या गाडीला आधी धुणं, मातीच्या गोळ्याने (क्ले म्हणतात) रुतलेली घाण काढणं, मग एकेक पॅनेल दिव्याखाली बघत मशीन फिरवणं, यात दोन माणसांचे दोन दिवस जातात. कोटिंग लावणं हे शेवटच्या काही तासांचं काम. दादा सांगतो, तीस हजारांतली बाटली चार-पाच हजारांची. बाकी जागेचं भाडं, झगमगाट, जाहिरात, मालक आणि सगळ्यात शेवटी दादा. त्याचा पगार महिन्याला अठरा हजार. म्हणजे दोन दिवसांत तो आणि त्याचा जोडीदार जी एक गाडी उभी करतात, तिच्या बिलापेक्षा त्याचा महिना लहान आहे. गिऱ्हाईक मात्र विचारतं, "बाटली कुठल्या कंपनीची?" हात कुणाचा, हे कुणीच विचारत नाही. चमक बाटलीतून येत नाही, ती त्या मशीन फिरवणाऱ्या हातातून येते. किती दाब द्यायचा, कुठे थांबायचं, कडेला क्लिअर कोट पातळ असतो तिथे मशीन कसं उचलायचं, ही कारागिरी आहे. आपल्या वर्कशॉपमध्ये फाइलिंगचा जॉब ज्यांनी स्वतः घासलाय (दुसऱ्याकडून नाही!) त्यांना हे लगेच कळेल.

पण घरी? दादाला गावाकडे परत यायचंय. घोडेगाव रस्त्याला आमचा तुकडा आहे, तिथे पत्र्याची शेड टाकून काम सुरू करायचं म्हणतो. काकांचं उत्तर ठरलेलं, "तुला काय गाड्या धुवायला डिप्लोमाला घातलं व्हतं का?" दोन ठिकाणी लग्नाची बोलणी याच वाक्यावर थांबली. मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा काय करतो, आणि आमच्याच घरातून कुणीतरी हळूच म्हणालं, कंपनीत आहे. हे ऐकताना दादाचा चेहरा बघवत नव्हता. गाडी विकणारा साहेब, गाडी चालवणारा मालक, आणि गाडीची कातडी वाचवणारा 'धुणारा'? नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रोल्स-रॉइसची जुनी चिलखती गाडी लोक कौतुकाने बघायला जातात. ती काय आपोआप टिकली? कुणीतरी हाताने राखली म्हणूनच ना?

मी दादाला म्हटलं, पुण्याची कॉपी करू नकोस. काचेची केबिन नको, 'नाइन एच'चा बोर्ड तर अजिबात नको. कामाचे पैसे तासावर घे. रंगाची जाडी मोजायचं गेज येतं, ते गिऱ्हाइकासमोर लावून आधीचे आणि नंतरचे आकडे कार्डावर लिहून दे. (प्लास्टिकच्या बंपरवर ते चालत नाही, तेही सांगून टाक.) ज्याची क्लिअर कोट आधीच पातळ झाली असेल त्याला 'पॉलिश करू नका' असं सांगून परत पाठव. आणि पीपीएफ फक्त खांद्याला. दादा हसला. म्हणाला, "परत पाठवल्यावर धंदा कसा होईल, बाई?" पण गेजची किंमत त्याने विचारून ठेवलीये.

काकांनी शेवटी एवढंच कबूल केलं की कागदावर मांडून दाखवा. मागच्या सुट्टीत मी आणि दादाने बसून मांडलं. कॉम्प्रेसर, मशीन, दिवे, पत्रे, पाण्याची टाकी, लाइटबिल. जागा घरची म्हणून भाडं नाही. महिन्याला आठ गाड्या आल्या तर हप्ता निघून दादाला पुण्याच्या पगाराइतके उरतात. शनी अमावस्येला काम बंद धरलंय, कारण त्या दिवशी गर्दीत गाडी शेडपर्यंत पोचायचीच नाही. काकांनी कागद दोनदा वाचला, 'आठ गाड्या'वर पेनाने गोल केला, आणि घडी घालून खिशात ठेवला. अजून परत दिलेला नाही.