विहिरीचं पाणी 'योग्य'. पण फवारणीचं औषध तपासलं कुणी?

मागच्या महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी ग्रामपंचायतीच्या किटवर तपासलं. पीएच, नायट्रेट, फ्लोराइड, लोह सगळं बसलं. तपासणाऱ्या ताईंना विचारलं, "फवारणीच्या औषधाचं यात दिसतं का?" त्या म्हणाल्या, "नाही भाऊ, त्याची तपासणीच नाही यात."

विहीर मात्र कपाशीच्या मधोमध. फवारणीचा पंपही तिथंच धुतला जातो, खोटं कशाला बोला. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हापासून मास्क-हातमोज्यांवर बोललं जातं, विहिरीच्या पाण्यावर फारसं नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे 10 हजार लिटरचे 100 टँकर घेतले, तर सगळ्यांत मिळून फक्त 1 ग्रॅम. एवढं बारीक पकडायला मोठ्या लॅबमधलं क्रोमॅटोग्राफीचं महागडं मशीन लागतं.

यावर संशोधकांनी स्वस्त वाट शोधलीय, तीही आपण जाळतो-फेकतो त्या मालातून. पऱ्हाटीसारखा काडीकचरा हवा कोंडून भाजला की बारीक छिद्रांचा कोळसा होतो, त्याला बायोचार म्हणतात. पाण्यातली काही औषधं त्याला चिकटून एका जागी गोळा होतात. हा कोळसा सेन्सरच्या टोकाला लावला की औषधामुळे विजेच्या प्रवाहात पडणारा फरक मोजता येतो. दुसरी वाट संत्र्याच्या सालीची किंवा उसाच्या चिपाडाची. साल पाण्यासोबत बंद भांड्यात 180-200 अंशांवर काही तास तापवली की अतिसूक्ष्म कण तयार होतात, त्यांना कार्बन डॉट म्हणतात. नोटा तपासायच्या दिव्यासारख्या उजेडात ते निळसर चमकतात. पाण्यात ठरावीक औषध असलं की चमक बदलते.

पण घाई नको. लॅबमधल्या शुद्ध पाण्यात औषध टाकून बघणं वेगळं, आपली विहीर वेगळी. नुसत्या लोहानंही ही चमक उतरू शकते. शिवाय प्रत्येक वेळची साल सारखी नसते, त्यामुळं कणही सारखे येत नाहीत. उद्या कुणी गावात अशी स्वस्त किट विकायला आला तर आधी विचारा: कोणतं औषध ओळखते, किती मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि विहिरीच्या पाण्यावर लॅबच्या रिपोर्टशी ताडून पाहिलीय का? उत्तर नसेल तर पैसे खिशात ठेवा.

माझ्या मते हिचा खरा उपयोग चाळणीसारखा. तालुक्यातल्या शंभर विहिरींतून संशयाच्या दहा वेगळ्या काढल्या, तर तेवढ्याच लॅबला पाठवायच्या. खर्च तिथं वाचेल.

ती किट हातात येईपर्यंत थांबायचं कारण नाही. कपाशीला लागून असलेल्या विहिरींचे नमुने फवारणीच्या हंगामात कीटकनाशकासाठी लॅबला पाठवावेत, असा अर्ज मी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत लेखी देणार आहे. पहिला नमुना माझ्याच विहिरीचा. रिपोर्ट आला की इथंच छापू.